छोटंसं गाव, वस्ती अकरा लाख

आमच्या जुन्नर-आंबेगावचा बागायतदार पहिल्यांदा परदेशी जातो तो दुबईला. दुसऱ्यांदा बँकॉकला, घरी ‘अभ्यास दौरा’ असं सांगून. आणि तिसऱ्यांदा पुन्हा दुबईला, या वेळी बायकोला घेऊन, कारण बँकॉकचे फोटो तोवर कुणीतरी भावकीच्या ग्रुपवर टाकलेले असतात. या पडलेल्या वहिवाटीत यंदा चीन आडवा आला आहे.

त्याला कारणं दोन. कृषी खात्याची शेतकऱ्यांना परदेश अभ्यास दौऱ्यावर पाठवायची जी योजना आहे, तिच्या देशांच्या यादीत युरोप, इस्राएल, जपान, व्हिएतनाम यांच्या पंगतीला चीनही बसलाय. खर्चाच्या निम्मे, पण माणशी १ लाखाच्या वर नाही, एवढं अनुदान. दुसरं म्हणजे २०२० पासून बंद पडलेली भारत-चीन थेट विमानं २६ ऑक्टोबर २०२५ला कोलकाता-ग्वांगझू मार्गानं पुन्हा सुरू झाली. पश्चिमेकडच्या माणसानं त्या विमानासाठी आधी कोलकाता गाठायचं, हे इथं कुणालाच खटकलं नाही. पावसाळ्यात माळशेज घाट बंद झाला की आम्ही कल्याणला पुण्यावरून जातो.

तेव्हा नारायणगावच्या एका चहाच्या टपरीवर रीतसर चीन समिती बसली. तात्या, द्राक्षवाले. अण्णा, टोमॅटोवाले. एक माजी सरपंच, ज्यांना अजून सगळे सरपंचच म्हणतात आणि जे अजून तसेच वागतात. निवृत्त गुरुजी, ज्यांच्याकडे माहिती असते. तात्यांचा भाचा, ज्याच्या मोबाइलला चार्जिंग असतं. मी निमंत्रित सदस्य, म्हणजे चहाचे पैसे माझ्याकडे.

‘बीजिंग नको, शांघाय नको,’ सरपंचांनी पहिला ठराव मांडला. ‘तिथं पुढारी जात्यात. आपुन बारक्या गावाला जाऊ. जिथं शेती हाय.’

ठराव इतका शहाणपणाचा होता की मला संशय आला.

गुरुजींनी शौग्वांगचं नाव काढलं. शांडोंग प्रांतातलं गाव. चीनमध्ये भाजीपाल्याचं गाव म्हटलं की हेच. तिथला ठोक भाजीबाजार १९८४चा. दर वर्षी २० एप्रिल ते ३० मे भाज्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. सहाव्या शतकात शेतीवर जाडजूड ग्रंथ लिहिणारा जिया सीश्ये हा अधिकारीही याच गावचा. ‘सहाव्या शतकात?’ सरपंचांनी विचारलं. ‘तवा अनुदान किती टक्के होतं?’

‘आन् वस्ती किती गावाची?’ अण्णा.

‘२०२०च्या गणनेत अकरा लाखांच्या वर.’

टपरीवर शांतता पसरली. २०११च्या जनगणनेत जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके, आदिवासी पट्ट्यातल्या शेवटच्या वाडीसकट, मिळून साडेसहा लाखही भरले नव्हते. गुरुजींनी आणखी मीठ चोळलं. शौग्वांग ज्या वेईफांगमध्ये येतं, त्या वेईफांगची वस्ती ९३ लाखांच्या पुढे. आपला अख्खा पुणे जिल्हा, माळशेजपासून इंदापूरपर्यंत, २०११ला ९४ लाख होता. आणि चीनच्या हिशेबात वेईफांगही काही थोरलं शहर नव्हे; शांघायचा माणूस त्याला ‘तिकडं कुठंतरी’ म्हणत असणार.

इथं एक खुलासा करतो, कारण सहलीची जाहिरात करणारे तो करत नाहीत. चीनमध्ये ‘शहर’ म्हणून जे दाखवतात, त्यात शेतं, खेडी, डोंगर, धरणं सगळं येतं. वेईफांग म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा आणि शौग्वांग म्हणजे त्यातला तालुका. त्या हिशेबानं आपलं जुन्नरही चार लाखांचं शहर ठरलं असतं. नाणेघाट त्याचं उपनगर आणि बिबटे त्याचे नागरिक. पण आम्हाला हे सुचलं नाही. आम्ही नगरपालिका तेवढी ठेवली आणि पंचवीस हजारांच्या आसपास थांबलो.

आता या शौग्वांगात पाहण्यासारखं नेमकं काय, ते सांगणं भाग आहे. सान्युआनझू नावाचं तिथलं एक खेडं. वांग लयी हे तिथले पक्षाचे गावसचिव. १९८९ साली त्यांनी कोळसा न जाळता थंडीत भाजी पिकवायची हरितगृहं गावात उभी करवली. उत्तरेला मातीची जाडजूड भिंत, दक्षिणेला उताराचा प्लास्टिकचा पडदा, रात्री वरून गवताच्या चटया. दिवसभराचं ऊन भिंत पिऊन घेते आणि रात्री परत देते. लोक तयार होईनात, तेव्हा गावातल्या १७ पक्षसदस्यांनी आधी स्वतःच्या अंगावर घेतलं. पहिल्या वर्षी १७ हरितगृहं. बाहेर पाणी गोठत असताना आत काकडी लागली आणि ती सोन्याच्या भावानं गेली. पुढच्या वर्षी कुणाला समजावायची गरज उरली नाही. आज शौग्वांगच्या भाजीभावाचा निर्देशांक निघतो आणि देशभरचे व्यापारी तो बघतात.

गुरुजींनी हे मोठ्या भक्तीनं सांगितलं. अण्णांना मात्र काकडीत रस नव्हता.

‘सतरा जनांनी येका वळीत बांधली?’

‘हो.’

‘आन् बांधावरनं काय झालं नाय?’

गुरुजी गडबडले. मग त्यांनी सांगितलं की तिथं खेड्यातल्या जमिनीची मालकी गावाची, सामूहिक. कुटुंबाला ती कराराने कसायला मिळते. सातबारावर चुलत्याचं नाव, वाटणी, मोजणी, कोर्ट, हे प्रकार आपल्यासारखे नाहीत.

तात्या बराच वेळ विचारात पडले. ‘मग तिथली भावकी भांडती तरी कशावर?’

माझ्या मते शासनानं अभ्यास दौऱ्याला पैसे द्यावेत ते या एका प्रश्नासाठी. ठिबक, मल्चिंग, रोपवाटिका आम्ही यूट्यूबवर शिकलो. हे कुठं शिकवत नाहीत.

असो. ठिकाण ठरलं, मग तारखा. आणि इथं मला चीनच्या नियोजन आयोगाचीही दया आली असती असा पेच उभा राहिला. प्रदर्शन २० एप्रिलला उघडतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी. ती चुकली की पुढच्या साली बागेत फक्त पानं. म्हणजे तात्या बाद. त्याच सुमाराला कांदा काढणी, काटणी, वखारीत भरणी. सरपंचांचा कांदा, म्हणजे सरपंच बाद. उन्हाळी टोमॅटोला तेव्हा बांबू, तार, सुतळी, माणसं आणि ती माणसं टिकवायला स्वतः अण्णा लागतात. मे महिन्यात लगीनसराई. आमच्याकडे लग्नाला न जाणं हे लग्न मोडण्याइतकंच गंभीर असतं; आहेर पाठवून भागत नाही, मांडवात तोंड दिसावं लागतं. आणि चैत्रापासून गावोगावच्या यात्रा. काळभैरवनाथाची पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्या, रात्री तमाशा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या गावानं यात्रेच्या हंगामात काकड्या बघायला बाहेर जायचं, ही सूचना मांडायलाच कुणी धजेना.

‘मग मेच्या सुरुवातीला?’ भाचा म्हणाला.

मे महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत चीनमध्ये कामगार दिनाची सुट्टी असते आणि अख्खा देश आगगाडीत असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय दिनाची, तेव्हाही तेच. आणि ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची गोडी छाटणी. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष, सगळी दुकानं बंद. आमच्याकडे द्राक्षं उतरायला लागतात. चिनी पंचांग आणि द्राक्षाचं पंचांग कुणीतरी मुद्दाम एकमेकांवर बेतल्यासारखं आहे. शेवटी समितीनं सर्वानुमते ठरवलं की शेती बघायला जायचं तर शेतीचं काम नसेल तेव्हा जायचं, म्हणजे भर पावसाळ्यात, जेव्हा तिथलंही प्रदर्शन बंद असेल. अभ्यास दौऱ्यांचे बरेचसे अहवाल असे का असतात, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

व्हिसाचं लवकर आटपतो, कारण समितीनंही ते लवकर आटपलं. चीननं पन्नासहून जास्त देशांच्या प्रवाशांना वाटेत १० दिवस बिनव्हिशाचं थांबायची सवलत दिली आहे. त्या देशांत आपण नाही. तेव्हा ऑनलाइन फॉर्म, मुंबईचं व्हिसा केंद्र, विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग, बँक स्टेटमेंट. अडलं ते शेवटच्यावर. आमच्या बागायतदाराच्या बँक स्टेटमेंटमध्ये पीककर्ज असतं, सोनंतारण असतं आणि केंद्र-राज्य सन्मानाचे दोन-दोन हजारांचे हप्ते असतात. खरा पैसा आडत्याच्या वहीत असतो. २०२३च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं २० किलोचं क्रेट २ हजारांच्या वर गेलं होतं, तेव्हा तर तो वहीतही मावेना. चिनी वकिलातीनं आडत्याची वही ग्राह्य धरावी, असा ठराव सरपंचांनी मांडला. इतिवृत्तात आहे.

मग समितीला जो विषय खरा वाटत होता तो आला. खायला काय?

दोघे माळकरी. एकाचा सोमवार. तिघांची संकष्टी, कारण एका अंगाला लेण्याद्री आणि दुसऱ्या अंगाला ओझर असताना चतुर्थी न धरणं म्हणजे गावात राहून गावच्या पाटलाला रामराम न घालणं. एका सहलवाल्यानं सांगितलं होतं की पन्नास जण जमले तर बरोबर ‘महाराज’ देऊ. हे महाराज म्हणजे कीर्तनकार नव्हेत, आचारी. ते शौग्वांगच्या हॉटेलच्या मागच्या अंगणात पिठलं रटरटवणार आणि आमचे लोक भाज्यांच्या राजधानीत बसून बेसन खाणार. शिवाय मंचरचं तूप, घरचं दही, चार काकड्या बरोबर न्यायचा बेत होता. चीनच्या कस्टमला ताजी भाजी, फळं, मांस, दुधाचे पदार्थ चालत नाहीत. काकड्या अडवणार हे कळल्यावर अण्णांना पहिल्यांदा चीनबद्दल आदर वाटला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली बोटीनं चीनला गेले, युद्धात. पुढे हबेई प्रांतातल्या टांग काउंटीच्या खेड्यापाड्यांत जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथंच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. त्यांच्यासोबत कुणी महाराज नव्हता. चीनमधल्या छोट्या गावी आजवर कोण मराठी माणूस पोचला असेल तर तो हा. शिजियाझुआंगला अजून त्यांचा पुतळा आहे.

सगळे गंभीर झाले. सरपंचांनी टोपी काढली. मग तात्या म्हणाले, ‘पन मग त्ये खात काय व्हते?’

याचं उत्तर गुरुजींकडे होतं, निदान शांडोंगपुरतं. शांडोंगचा शेतकरी पातळ पोळीत पातीचा कांदा कच्चाच गुंडाळतो, सोयाबीनची खारट चटणी लावतो आणि खातो. तिथल्या झांगच्यू भागातला कांदा माणसाच्या उंचीचा होतो. वर लसणाची कच्ची पाकळी.

‘म्हंजे भाकरी-कांदाच की,’ अण्णा म्हणाले. चेहरा उतरला होता. ‘त्याच्यापायी लाख रुपये?’

पाहा. वेगळं असेल तर खायची भीती आणि सारखं असेल तर पैसे वाया. या दोन्हींच्या मधलं जे काही असतं, त्याला आमच्याकडे स्वित्झर्लंड म्हणतात.

भाच्यानं तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून नवी संकटं शोधली होती. तिथं व्हॉट्सॲप चालत नाही. हे ऐकून जो हाहाकार झाला तो खाण्याच्या वेळीही झाला नव्हता. सकाळच्या शुभेच्छा, वाढदिवसाचे फलक, भावपूर्ण श्रद्धांजली, हे सगळं दहा दिवस थांबणार? मधल्या काळात भावकीत कुणी गेलं तर? त्यानं समजूत घातली की आपलंच सिम रोमिंगवर ठेवलं तर चालतं. पैशांचं तसंच. चहाच्या टपरीपासून सगळीकडे क्यूआर आहे, पण आपलं यूपीआय त्याला कळत नाही. अलीपे घ्यायचं, त्याला परदेशात चालणारं कार्ड जोडायचं. असं कार्ड समितीत कुणाकडेच नव्हतं. किसान क्रेडिट कार्ड चालेल का, हा प्रश्न सरपंचांनी विचारला, भाच्यानं टाळला आणि इतिवृत्तात आला.

‘पन चीनमदी सेफ हाय ना?’ तात्यांनी विचारलं.

तात्यांच्या उसाला रात्रीची थ्री फेज आहे. मध्यरात्रीनंतर ते एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन, मोबाइलवर भजन मोठ्यांदा लावून, मोटर चालू करायला जातात. भजन विठ्ठलासाठी नसतं, बिबट्यासाठी असतं. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं केंद्र आहे आणि ते कधी रिकामं नसतं. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, माणसं मारली गेल्यावर २०२५च्या नोव्हेंबरात बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाताना साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिल्या. कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा पट्टा, माणसाच्या गळ्यात. त्या माणसांचा जिल्हा हा, आणि इथला माणूस विचारतो, चीनमध्ये सुरक्षित आहे का.

भाच्यानं नम्रपणे सांगितलं, ‘मामा, शौग्वांगमदी बिबट्या नाय.’

‘मग राती मोटर चालू करायला लोक भीत नसत्याल.’

‘मामा, तिथं लाइट दिवसा असती.’

यानंतर दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मला वाटतं, त्या दिवशी चीनबद्दल खराखुरा मत्सर वाटला तो या एका वाक्यानं. बुलेट ट्रेन, उंच इमारती यांचं कुणाला काही नव्हतं.

मग फाटे फुटले. सरपंचांना यिवूला जायचं होतं. झेजियांगमधलं हेही ‘छोटं’ गाव. तिथल्या बाजारात सुमारे ७५ हजार दुकानं आहेत. आपल्या मंडळाच्या माळा, झुंबरं, चकाकते पडदे, सगळ्याचं गोत्र तिथलं. गुरुजींनी हिशेब केला की दुकानापाशी ३ मिनिटं थांबायचं म्हटलं आणि रोज ८ तास फिरलं तरी सव्वा वर्ष लागेल. ‘व्हिसा वाढवून घेऊ,’ सरपंच म्हणाले. या वेळी ते ज्या फोटोफ्रेमखाली बसले होते, तिला प्लास्टिकच्या झेंडूचा हार होता. बाहेर रस्त्यावर खऱ्या झेंडूचा टेम्पो पुण्याच्या मार्केटला निघाला होता. प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणा म्हणून राज्यातले फूल उत्पादक ओरडताहेत, आणि आमच्या सरपंचांना ती घाऊक कुठं मिळतात ते हवंय.

अण्णांनी लसणाचं काढलं. जिनश्यांग, शांडोंगचंच, जगातल्या लसणाचं मोठं केंद्र. चिनी लसणाला आपल्याकडे २०१४ पासून बंदी आहे, तरी तो कुठून कुठून बाजारात येतोच, आणि आला की इथला भाव बसतो. शत्रूचं घर एकदा बघावं, हा अण्णांचा मुद्दा रास्त होता. मी एवढंच विचारलं की राजगुरुनगरला, म्हणजे इथून तासाभरावर, कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. भीमा ओंकार, भीमा पर्पल हे लसणाचे वाण त्यांनीच काढलेत. तिथं समितीतलं कोण जाऊन आलंय? कुणीच नाही. तिथं जायला अनुदान नाही आणि विमानात फोटो काढता येत नाही.

आणि पतंग. शौग्वांगच्या वेईफांगला पतंगांची राजधानी म्हणतात. १९८४ पासून दर वर्षी आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो, तोही एप्रिलातच. भाच्याला वाटलं, चायनीज मांजाचं उगमस्थान पाहायला मिळेल. ज्या नायलॉन मांजानं दर संक्रांतीला आपल्याकडे दुचाकीवाल्यांचे गळे कापतात, तो बहुतेक आपल्याच देशात तयार होतो. नाव तेवढं चीनचं. काही बाबतींत आपण स्वावलंबी आहोत, फक्त श्रेय घेत नाही.

गुरुजींचा स्वतःचा हट्ट वेगळाच होता. त्यांना पिंगतांगला जायचं होतं. ग्वेइजौ प्रांतातला डोंगराळ, गरीब भाग. तिथं २०१६ साली चीननं डोंगरांच्या कढईत ५०० मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण बसवली. बघायला जाणाऱ्यानं मोबाइल, कॅमेरा सगळं बाहेर ठेवून जायचं, कारण दुर्बिणीला गडबड चालत नाही. जवळच खगोल-नगरी म्हणून अख्खी वसाहत उभी केली आहे. हॉटेलं, तारांगण, सगळं. आणि आपल्या खोडदला? ४५ मीटरच्या ३० ताटल्यांची जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, जगभरचे शास्त्रज्ञ जिथलं निरीक्षण मिळावं म्हणून रांग लावतात ती दुर्बीण. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आसपासच्या शाळांची पोरं तिथं जत्रेसारखी लोटतात. बाकीचं वर्ष मोठी माणसं तिच्याकडे संशयानं बघतात, कारण पाऊस न पडण्याचं खापर कधीकाळी गावोगाव तिच्याच माथी फुटलंय.

आता तिच्या माथी रेल्वेही आली आहे. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून जायची होती. दुर्बिणीला अडथळा होतो म्हणून ती दुसरीकडून न्यायची, असं रेल्वेमंत्र्यांनी २०२५मध्ये सांगितलं. पिंगतांगला दुर्बिणीसाठी ९ हजारांवर माणसं उठवली. इथं माणसं राहिली, रेल्वे उठली. दोन्हींत मला आमचीच रीत बरी वाटते. पण हे वाक्य मी आंबेगाव तालुक्यात मोठ्यानं बोलणार नाही. त्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला आणि नाव पाण्यात.

यावरून भाच्याला एक खोडसाळ कल्पना सुचली. समजा, शौग्वांगच्या एखाद्या काकडीवाल्यानं ठरवलं की मला भारतातलं एक छोटं गाव बघायचंय, टोमॅटोचं मार्केट असलेलं. त्याचाही अभ्यास दौरा. कसा येईल तो?

मुंबईला उतरेल. रेल्वे नाही, ती आत्ताच गेली. मग पुण्याला येऊन एसटी. राजगुरुनगर आणि मंचरला आता बाह्यवळण झालंय, पण त्याआधी चाकणचा चौक आहे. तिथं तो काकडीच्या एका हंगामाएवढा थांबेल. उतरल्यावर विचारेल, पर्यटन कचेरी कुठंय? जुन्नर हा २०१८ साली राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झालाय. फलक आहेत, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो आहेत, बाण नाहीत. मार्केट यार्डात जाईल तर भाव हातरुमालाखाली नाही, पण फार वरही नाही. रात्री शेतात मुक्काम करायचं म्हणेल, तर आधी त्याला पट्टा द्यावा लागेल. आंबेगाव कुठंय विचारेल, तर आपण धरणाकडे बोट दाखवू.

‘आपल्याकडं परदेशी लोक पूर्वीपासून येत्यात,’ सरपंच उसळले. आणि ते खरं आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, शिलालेख आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दान दिली, चिट नावाच्यानं भोजनमंडप. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी परदेशातून जुन्नरला आलेल्या माणसालाही पाण्याची आणि जेवणाची सोय स्वतःच्या खर्चानं करावी लागली होती.

तरी सरपंच हटले नाहीत. त्यांनी हायवेवरच्या ओळखीच्या एका लॉजवर फोन लावायला सांगितला. स्पीकरवर. भाच्यानं माहिती काढून ठेवली होती: चीनमध्ये हॉटेलवाला परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करतो, आपल्याकडेही परदेशी माणूस उतरला की २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, ज्याला लॉजवाले अजून सी फॉर्म म्हणतात.

‘पाव्हनं चीनचं येनार हायती,’ सरपंच म्हणाले. ‘शेतकरी. आपल्याकडं सी फॉर्म हाय का?’

पलीकडे कुणीतरी कुणाला तरी विचारलं. भांड्यांचा आवाज आला.

‘एसी हाय, नॉन-एसी हाय. सी नाय,’ मॅनेजर म्हणाला. ‘पन सरपंच, जेवनाचं टेन्शन घिऊ नका. आपलं चायनीज फेमस हाय.’